जामीनदार कोण?

मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगायची म्हटली की माणसं सेनापती बापटांपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. पण मी वडगाव मावळच्या कोर्टात वकिली करणारी बाई, त्यामुळे माझी सुरुवात जरा वेगळीकडे होते. धरण, खाण, कारखाना किंवा वाळू-मुरमाचा उपसा यांच्या आड एखादा गावकरी उभा राहिला, की मला आधी हे सुचतं: याला अटक झाली तर जामीनदार कोण राहणार? आणि हा आत असताना याच्या खाचरात भाताची लावणी कोण करणार?

जमीन, पाणी, डोंगर राखणाऱ्या माणसाचं रक्षण हे जितकं धैर्याचं काम आहे तितकंच खर्चाचं. धैर्यावर आपण भरपूर लिहिलं. खर्चावर फारसं कुणी बोलत नाही. गेल्या शंभर वर्षांत आमच्या या मावळ पट्ट्यात तो कुणी उचलला, हे बघायचं तर मुळशीपासूनच निघावं लागतं.

टाटांची खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली होती. भिवपुरीचं काम त्यानंतरचं. तिसऱ्या प्रकल्पाचं धरण ठरलं नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात. पाणी अडवायचं घाटमाथ्यावर, सोडायचं कोकणात भिऱ्याला, आणि वीज न्यायची मुंबईला. बुडणार होती पन्नासहून अधिक गावं आणि आंबेमोहराची खाचरं. माणसं होती अकरा हजारांच्या आसपास. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. एका कुळाने हरकत घेतली, तेव्हा त्याच्यावर पिस्तूल रोखलं गेलं. पुढे जे घडलं त्याची ठिणगी तिथे पडली, असं सांगतात.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. रामनवमीच्या दिवसांत खाचरं रिकामी असतात, माणसाला घराबाहेर पडता येतं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापट, विनायकराव भुस्कुटे, वासुदेवराव दास्ताने ही नावं पुढे होती. जाईबाई भोईर यांच्यासारख्या मावळणीही होत्या. काम थांबलं. काही महिन्यांची सवलत मिळाली आणि डिसेंबरात सगळं पुन्हा सुरू झालं. मग अटकसत्र आलं. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे १९२२ मध्ये याच प्रकरणात सहा महिने तुरुंगात जाऊन आले. बापट तर पुन्हा पुन्हा गेले. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी हत्यार घेऊन कामावरची रेल्वेगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली आणि सुटका व्हायला १९३१ साल उजाडलं. तोवर भिऱ्याचं वीजघर सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

हा इतिहास ठाऊक असतो. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे, आणि मुळशीला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणण्याची रीत त्यांच्यामुळे रूढ झाली. मला त्यातली एक बाजू महत्त्वाची वाटते. मुळशीच्या कुळांची बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती. कसणारा मावळा, कागदावर सावकार. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली तेव्हा मोबदला गेला कागदावरच्या नावाला. म्हणून आंदोलनात दोन तट पडले. एकाला दर वाढवून हवा होता, दुसऱ्याला जमीनच सोडायची नव्हती. पहिल्या तटाकडे पैसा होता, वजन होतं, पुण्यात ऊठबस होती. दुसऱ्याकडे अंगातलं बळ आणि मोकळा वेळ, तोही पावसाळ्यापर्यंतच.

सत्याग्रहाच्या नेमाप्रमाणे दंड भरायचा नाही आणि जामीन द्यायचा नाही. हा नेम सुशिक्षित पुढाऱ्याला पेलतो. तो तुरुंगात जातो, तिथे वाचतो, बाहेर येतो तेव्हा त्याचं वजन वाढलेलं असतं. कुळाने दंड भरला नाही तर भांडीकुंडी आणि बैल जप्तीला जातात. जूनमध्ये तो आत असला तर वर्षाचं भात जातं. मावळात सावडीची रीत जुनी आहे. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी, मजुरीचा हिशेब नाही. आंदोलनातल्या माणसाचं घर उभं राहतं ते या सावडीवर. पण पन्नास गावं एकदमच बुडायला निघाली की सावड करणारा शेजारीही त्याच पाण्यात असतो. मुळशी हरली त्याला कारणं पुष्कळ आहेत. पैसा, कायदा, पुढाऱ्यांतले मतभेद, हिंसा-अहिंसेचा वाद. त्या यादीत मी हेही धरते, की मावळ्याला टिकून राहायला लागणारी शिदोरी बाहेरून पुरेशी आलीच नाही.

आता कलमांकडे येते, कारण माझा धंदाच तो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०७ होतं. शांततेचा भंग होईल अशी भीती वाटली तर माणसाने काही न करताच त्याच्याकडून बाँड घ्यायचा. स्वातंत्र्य आलं, १९७३ मध्ये नवी संहिता आली, कलमाचा आकडासुद्धा बदलला नाही. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ते १२६ झालं. आमच्याकडे याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. मोर्चाच्या आदल्या दिवशी हातात पडणारी ‘१४९ ची नोटीस’ तर खेड्यातल्या पोरालाही पाठ असते. तीही आता १६८ झाली, पण बोलीत अजून १४९ च आहे.

ग्रामीण भागात ही चॅप्टर केस चालते कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे बहुधा तहसील कार्यालयात. गौण खनिजाच्या बेकायदा उपशाची तक्रार करायची तीही तहसील कार्यालयात. आणि जामीनदाराला लागणारा ऐपतीचा दाखला मिळतो तोही तहसील कार्यालयातूनच. एकाच इमारतीत एका खिडकीशी तुम्ही तक्रारदार असता, दुसऱ्या खोलीत सामनेवाले आणि तिसऱ्या टेबलापुढे अर्जदार. यात कुणाच्या मनात पाप असावंच लागतं असं नाही. रचनाच अशी आहे की तक्रार करणारा दमतो.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगते. गाव, तालुका, नाव सांगत नाही. साठीचे एक काका, गावाच्या वरच्या डोंगराला रात्रीचे पोकलेन लागतात म्हणून तक्रार घेऊन फिरत होते. गाडीवर रॉयल्टीची पावती एक, खेपा चार, असा त्यांचा हिशेब वहीत लिहिलेला. हायवाचे नंबर, वेळ, तारीख, सगळं. आधी त्यांना घरी येऊन समज दिली गेली. मग पोराच्या मोटारसायकलला मागून गाडी चाटून गेली. त्यानंतर काकांवरच खंडणीची फिर्याद दाखल झाली. तक्रार मागे घ्यायला पैसे मागितले म्हणे. अटक झाली. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीन दिला, एक सक्षम जामीनदार घेऊन या म्हणाले. रक्कम ऐकून शहरातल्या माणसाला काही वाटणार नाही. पण भावाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता. चुलत्याची जमीन सामाईक, तिच्यावर अकरा नावं. एका मित्राचा सातबारा कोरा होता, पण तो उपसा करणाऱ्याच्याच गाडीवर चालक. तो पाय मागे घेणारच. काका मला म्हणाले, “ताई, मला पोलीस नको दाराशी. एक जामीनदार तेवढा बघा.”

जामीनदार शेवटी मिळाला. शेजारच्या गावातली एक विधवा बाई पुढे आली. काकांशी तिचं नातंगोतं काही नव्हतं. तिची विहीर त्या डोंगराच्या पायथ्याला होती, इतकंच. कज्जा पुढे बरीच वर्षं चालला. प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं, बुडालेला रोज, झेरॉक्स, वकीलपत्राचं तिकीट. काका निर्दोष सुटले तेव्हा डोंगराचा तो भाग सपाट झालेला होता.

जामिनाची ही अडचण सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक नाही असं नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण १९७८ मध्ये तिथे गेलं होतं. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि मोतीरामच्या भावाचा जामीन नाकारला, का तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाचे कान उपटले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर माणूस सोडायला सांगितलं. निकाल आम्ही वकील लोक दाखवत असतो. तरी आजही तालुक्याच्या कोर्टात पहिला प्रश्न येतो तो हाच, सातबारा आणलाय का? ज्याची जमीन प्रकल्पाने घेतली त्याच्याकडे नेमका तोच कागद नसतो. मुळशीच्या कुळाकडेही तो नव्हता.

दुसऱ्या बाजूला संरक्षण कसं मिळतं तेही पाहण्यासारखं आहे. गुहागर तालुक्यात दाभोळच्या वीज प्रकल्पाविरुद्ध १९९० च्या दशकात गावं उठली. ३ जून १९९७ ला पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले, बायकांना मारहाण करत ताब्यात घेतलं. त्याच वर्षी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने यावर अहवाल काढला, १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने. दुसऱ्या अहवालातली एक नोंद मला विसरता येत नाही: प्रकल्पावर तैनात असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती. त्यात बेकायदा काही नव्हतं, बंदोबस्त पैसे भरून मिळतो. कंपनीला संरक्षण विकत घेता आलं. वेलदूरच्या बायकांना आपली सुटका करून घ्यायला पदराला गाठ मारून ठेवलेले पैसे सोडावे लागले असतील, आणि मासळीचे ते दिवस बुडाले ते वेगळेच.

तळेगाव दाभाडे माझ्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात अर्ज करून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत. द्रुतगती मार्गामुळे या पट्ट्यातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे या अर्जांची किंमत काय ते सगळ्यांना कळत होतं. धमक्या येत होत्या. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं, ते मिळालं नाही. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर वार झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, २०१४ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. शेट्टींच्या हत्येच्या पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट २०११ ला, पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला, तिघे गेले, त्यात एक बाई. या दोन घटनांनंतर आमच्याकडे लोक दबक्या आवाजात बोलू लागले. अर्ज लिहून द्या, पण खाली सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या, असं म्हणू लागले.

प्रत्येक हल्ल्याचा शेवट असाच होतो असं मात्र नाही. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर वाळूउपसा थांबवायला गेलेल्या सुमायरा अब्दुलाली यांच्यावर २००४ मध्ये हल्ला झाला. त्या कोर्टात गेल्या, टिकून राहिल्या, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या वाळूउपशावर बंदी घातली. त्याच वर्षी महाडजवळ सावित्रीच्या खाडीवर त्यांच्यावर पुन्हा हल्ल्याचा प्रयत्न झाला. त्यांचं धाडस मोठं आहेच. पण त्यांच्या पाठीशी मुंबई होती, वर्तमानपत्रं होती, उच्च न्यायालयातले वकील होते, हेही खरं. माझ्या काकांच्या पाठीशी एक विहीर होती.

जगात हेच चाललं आहे. ब्राझीलमधल्या रबर काढणाऱ्या कामगारांचा पुढारी शिको मेंडिस याला १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सन्मान मिळाला. २२ डिसेंबर १९८८ ला त्याच्याच घराच्या मागल्या दारी त्याला गोळी घातली, तेव्हा त्याच्या रक्षणासाठी नेमलेले पोलीस घरातच होते. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांना संरक्षण द्या, असं अमेरिका खंडाच्या मानवाधिकार आयोगाने काही वर्षं आधीच बजावलं होतं. ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था २०१२ पासून अशा हत्यांची मोजणी ठेवते. २०२३ पर्यंतचा आकडा २,१०० च्या वर गेला आहे. नाव झालेल्या, पुरस्कार मिळालेल्या माणसांची ही गत, तर बिनानावाच्या माणसाचं काय?

हे ओळखून लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी एस्काझू करार केला. तो २०२१ मध्ये लागू झाला आणि पर्यावरणरक्षकांचं संरक्षण हे सरकारांचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलं गेलं. परदेशांत तातडीचे निधीही उभे राहिले. धमकी आली की थोडक्या दिवसांत थोडे पैसे, त्यातून गाव सोडून काही काळ राहायची सोय, वकील, घराला कॅमेरा, फोन बदलणं. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे तो पैसा खेड्यापर्यंत पोचणं अवघड आहे. परकीय देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून नोंदणी असलेल्या संस्थेलाही आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. परकीय पैशावर आंदोलन चालू नये, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेते. माझं इतकंच म्हणणं आहे, की मग तो पैसा इथे उभा राहिला पाहिजे.

आपले कायदे काय देतात? महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. तिच्यात निधीची तरतूद आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, घराभोवती गस्त घालण्यापासून राहण्याची जागा बदलण्यापर्यंतचे उपाय आहेत. योजना चांगली आहे आणि वकिलांनी ती वापरलीच पाहिजे. तिची अट अशी की माणूस साक्षीदार असावा लागतो, आणि तोही गंभीर गुन्ह्यातला. म्हणजे आधी काहीतरी घडावं लागतं. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, तो अंमलात येण्याची वाट आम्ही अजून पाहतो आहोत. जो माणूस फक्त वही घेऊन हायवाचे नंबर लिहितो, तो यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

म्हणून मी फिरून मावळाच्या जुन्या रीतीकडे येते. आमच्याकडे हरिनाम सप्ताहाची वर्गणी गोळा होते, तिचा हिशेब देवळात वाचून दाखवतात, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला खेड्यातल्या बायकांनी मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य दिलं. त्याच्याही आधी पैसाफंडाने एकेक पैसा जमवून १९०८ मध्ये याच तळेगावात काचेचा कारखाना उभा केला. लोकांच्या कामासाठी लहान पैसा जमवायची विद्या या मुलखाला शिकवायची गरज नाही. ती देवळासाठी वापरली, शाळेसाठी वापरली, कारखान्यासाठी वापरली. डोंगर आणि नदी राखणाऱ्यासाठी वापरायची राहिली.

अशा निधीचं स्वरूप मी कोर्टाच्या बाकावर बसून ठरवलेलं आहे. तालुक्यातले पाच जण, ज्यांचा सातबारा कोरा आहे आणि ज्यांची पोटं उपसा करणाऱ्यांवर अवलंबून नाहीत, त्यांनी जामीनदार राहायचं आधीच कबूल करावं. ऐपतीचे दाखले वेळच्या वेळी नवे करून ठेवावेत. दोन वकील असावेत, रात्री फोन उचलणारे. एक लहानशी ठेव असावी, तिच्यातून एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि धमकी आलेल्या घराचं महिनाभराचं वाणसामान निघावं. तक्रारदाराच्या वहीची एक प्रत तालुक्याबाहेर कुणाकडे तरी असावी, म्हणजे माणसाला गप्प केलं तरी वही गप्प होत नाही. हिशेब ग्रामसभेत वाचावा. यात संस्था लागत नाही, पुरस्कार लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे सातबारे गावी आहेत, तुम्ही पुण्या-मुंबईत आहात, आणि गावच्या डोंगराचे फोटो मोबाइलवर आले की हळहळता. त्या हळहळीचा कोर्टात उपयोग नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा कोरा उतारा काढा, ऐपतीचा दाखला घ्या, आणि गावात जो कुणी वही घेऊन फिरत असेल त्याला सांगा, की पहिला जामीनदार मी.